डोंगरेकाकांचा आल्प्स

अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बेन नेविस. उंची १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे नवरात्रात नऊवारीचा काष्टा मारून, ओटीचं सामान काखोटीला घेऊन शिड्या चढणाऱ्या आमच्या आत्याबाई ब्रिटनच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर वर जाऊन नारळ फोडून येतात. आणि असल्या देशातल्या, त्यातही सपाट मुलखातल्या माणसांना आल्प्सवरची झाडं घरच्या अंगणात लावायचं खूळ आहे. दर गावात असा एक तरी गृहस्थ सापडतोच. आमच्या गावातला नेमका आमच्या शेजारी राहतो. त्यांचं खरं नाव अस्सल इंग्रजी आहे, पण आमच्या घरात ते पहिल्यापासून डोंगरेकाका.

काका निवृत्त आहेत. (ही जमात बहुतेक निवृत्तच असते. नोकरीत असेपर्यंत माणूस गुलाबावर भागवतो.) त्यांच्या फाटकातून आत गेलं की बाग दिसत नाही, खडी दिसते. कुणीतरी बांधकाम काढलंय आणि पैसे संपलेत, असं वाटतं. तेवढ्यात काका ओरडतात, "पाय जपून!" आपण दचकून खाली बघतो, तर तिथेही खडीच. मग काका गुडघे टेकतात, खिशातून भिंग काढतात आणि दोन दगडांच्या बेचक्यात बसलेली रुपयाएवढी हिरवी गादी दाखवतात. तिच्यावर पाचसहा फुलं. सगळी मिळून एका टिकलीखाली झाकली जातील.

अशा वेळी "काय सुंदर आहे हो!" असं म्हणायचं नसतं. सुंदर काय, कुणाचंही असतं. "फारच अवघड असेल ना हे जगवणं?" असं विचारायचं. मग चहा मिळतो.

अवघड नसलेल्या झाडाला काकांकडे मान नाही. काकूंनी कुंपणाच्या भिंतीवर ऑब्रिशिया लावली आहे. दर वसंतात ती जांभळी होऊन भिंतीवरून ओसंडते, रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. तीही डोंगराळ भागातलीच, जातकुळीला कुठे कमी नाही. पण न सांगता वाढते, हा तिचा गुन्हा. काका तिच्याजवळून जाताना दुसरीकडे बघतात. माझ्या वाफ्यातल्या कोथिंबिरीकडे बघून एकदा म्हणाले, "तुमचं छान येतं सगळं." इतकी कीव मी दवाखान्यातही ऐकलेली नाही.

त्यांच्या झाडांना सुख कसं ते लागू द्यायचं नाही, हा या छंदाचा गाभा. कुंडीत निम्म्याहून जास्त खडी आणि वाळू, माती चवीपुरती. खत घातलं की झाड माजतं. आल्प्सवर वारा, थंडी आणि उपासमार यांनी दबून ते घट्ट, बसकं राहतं. इथे पोटभर मिळालं की लांबुडकं होतं आणि काकांच्या मनातून उतरतं. "त्याला उपाशीच ठेवावं लागतं," असं सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे वात्सल्य असतं, ते त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आलेलं मी पाहिलेलं नाही.

पण खरा वैरी पाऊस. आल्प्सवरचं झाड उणे वीसला मरत नाही. हिवाळाभर ते बर्फाखाली कोरडं, निवांत झोपतं. इंग्लंडचा हिवाळा मात्र धड गोठत नाही आणि धड वाळत नाही. चार महिने नुसती रिपरिप. झाड थंडीने नाही, ओलीने कुजून मरतं. म्हणून नोव्हेंबर लागला की काका एकेका झाडावर काचेचं छप्पर चढवतात. बाजूने वारा हवाच, त्यामुळे काच चार काड्यांवर. काकांच्या स्वतःच्या छपराची पन्हळ त्या वेळी गळत असते, खाली काकूंची बादली असते, आणि काका छत्री न घेता बागेत काचा पुसत असतात.

खास लाडक्यांसाठी काचघर आहे. या काचघरात ऊब नाही. खिडक्या थंडीतही सताड उघड्या. क्यूच्या बागेत २००६ साली बांधलेल्या अल्पाइन हाऊसमध्ये तर जमिनीखालच्या भुयारातून हवा गार करून झाडांवर सोडतात, हे काका आपण काशीविश्वेश्वराबद्दल बोलतो तशा आवाजात सांगतात. त्यांच्या काचघरात वाळूने भरलेला ओटा, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या कुंड्या. पाणी घालायचं ते वाळूला. कुंडी आपल्या अंगातून ओल ओढून घेईल तेवढीच झाडाला. इराण-अफगाणिस्तानच्या कड्यांवरून आलेली डायोनिशिया तिथे बसलेली असते. तिच्या गादीवर थेंब पडला तर बुरशी येते. सुकलेलं फूल राहिलं तरी येते. म्हणून काका एकेक पाकळी चिमट्याने उचलतात, श्वास रोखून. त्या वेळी फोन वाजला तर काकू तो उचलून परस्पर सांगतात, "ते ऑपरेशनमध्ये आहेत."

एकदा मी गेलो तर काका पोर्सेलिनच्या जुन्या सिंकला सिमेंट, वाळू आणि पीट यांचा गिलावा फासत होते. दगडी डोणी आता परवडत नाहीत, म्हणून हा दगडाचा भास. वाळल्यावर त्याला दह्याचा लेप दिला, शेवाळ धरावं म्हणून. चांगलं घट्ट, मलईचं दही. पाव किलो चक्का सहज निघाला असता. आमच्या हिने खिडकीतून पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

हे वेड काकांचं एकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याला घराणं आहे. मूळपुरुष रेजिनाल्ड फॅरर, जन्म १८८०, गाव यॉर्कशरमधलं क्लॅपहॅम. गृहस्थाने बंदुकीत बिया भरून घराजवळच्या कड्यावर बार काढले, कारण तिथे हात पोचत नव्हता. चाळिशीत तो वरच्या ब्रह्मदेशात झाडं हुडकतानाच वारला. दुसऱ्या पातीला सर फ्रँक क्रिस्प नावाचे वकील. त्यांनी हेन्लीच्या आपल्या बंगल्यात मॅटरहॉर्नच उभा केला. (हाच बंगला पुढे १९७० मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घेतला.) १९१४ साली फॅररने एका मित्राच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तीत पैशाच्या जोरावर दगड रचणाऱ्या धनिकांची टर उडवली. नाव घेतलं नव्हतं, पण क्रिस्पना ते बरोबर लागलं. त्यांनी उत्तरादाखल पत्रक छापलं आणि ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात वाटलं गेलं. महायुद्ध तोंडावर आलेलं, आणि ही मंडळी दगड कसे मांडावेत यावर भांडत होती. काका आजही फॅररच्या बाजूने आहेत. क्रिस्पचं नाव निघालं की त्यांचा चहा गार होतो.

१९२९ मध्ये या लोकांची अल्पाइन गार्डन सोसायटी निघाली. तिच्या प्रदर्शनातल्या सर्वोत्तम झाडाला जे पदक मिळतं, ते फॅररच्याच नावाचं. प्रदर्शनाच्या सकाळी डायोनिशिया मोटारीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून. काकू मागे, मांडीवर दुसरी कुंडी घेऊन. वळणावर काका "सांभाळ!" म्हणतात ते कुणाला, हे काकूंनी विचारणं सोडलंय. हॉलमध्ये सगळे डोंगरे एकमेकांशी लॅटिनमध्ये बोलतात आणि दुसऱ्याच्या कुंडीजवळ उगाच जास्त वेळ रेंगाळतात. पिवळं पडलेलं पान सापडलं की चेहरे खुलतात.

गेल्या उन्हाळ्यात काका सोसायटीच्या मंडळींबरोबर डोलोमाइट्सला जाऊन आले. समोर जगातली देखणी शिखरं आणि सगळी मंडळी त्यांच्याकडे पाठ करून पोटावर पालथी. काकांच्या फोटोंत एकही डोंगर नाही. दगड, फट, परत दगड, आणि एकात कुणाचातरी बूट. त्यांना हवं होतं एरिट्रिकियम. याला आल्प्सचा राजा म्हणतात. टीचभरही नाही, पण निळाई अशी की बघत राहावं. घरच्या बागेत ते भल्याभल्यांना टिकत नाही.

"मिळालं का?" मी विचारलं.

"मिळालं." काकांचा आवाज पडला. "वाटेच्या कडेला. ढिगानं. काच नाही, चिमटा नाही, कुणी बघतसुद्धा नव्हतं."

असं फुकटात फुललेलं पाहून ते दुखावले असावेत. पण लगेच सावरले. बी सोसायटीच्या यादीतून मागवणार होते. काही महिने थंडीत ठेवल्याशिवाय ते रुजायचं नाही, कधी दुसरा हिवाळाही उलटतो. काकांची पंच्याहत्तरी जवळ आली आहे, पण हा हिशेब त्यांनी केलेला दिसला नाही. फ्रीजमधला मधला कप्पा तेवढा रिकामा कर, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

काकूंनी त्यातलं अख्खं चीज आमच्याकडे आणून दिलं.