लावून पाहू

पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले: १९६३ ते १९७५ वसंतराव नाईक आणि १९९१ ते १९९३ सुधाकरराव नाईक. याचा एक परिणाम असा झाला की राज्यकारभारापासून सोयाबीनच्या भावापर्यंत कुठल्याही विषयावर मत नसलेला माणूस या गावात सापडणं अवघड. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे पुसदला नेमकी कधी येणार, हे चहाच्या टपरीवरचा कोणीही छातीठोकपणे सांगतो. पुढच्या वर्षी नवी तारीख सांगतानाही त्याची छाती तितकीच ठोक असते. अशा गावात एक माणूस मात्र असा आहे की त्याला काहीही विचारा, तो म्हणतो, "लावून पाहू."

त्यांना सगळे मीटरभाऊ म्हणतात. खरं नाव आधार कार्डावर असेलच. दुकान गाड्यांच्या टेपचं, म्हणजे डेक, अ‍ॅम्प, स्पीकर आणि बूफर. वूफर हा शब्द फक्त खोक्यावर असतो, पुसदात बूफरच. अशी वल्ली दिग्रसला आहे, उमरखेडला आहे, वाशीमलाही असणार. मी सांगतो ते मीटरभाऊ थोडे या दुकानातले, थोडे त्या दुकानातले.

भाऊंचा मीटर पिवळा. तळहाताएवढा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेला. कपाटात एक जुना सुईवाला मीटरही आहे. तो रोजच्या कामाला निघत नाही. खंडेनवमीला बाहेर येतो, हळदकुंकू लावून घेतो, आणि अडलेल्या केसमध्ये साक्ष देतो. भाऊ मुळात मोटर-वायंडिंगच्या दुकानात वाढले. विहिरीवरच्या मोटरी रब्बीच्या हंगामात रात्री-बेरात्री कमी व्होल्टेजवर ओढत राहायच्या, जळायच्या आणि सकाळी बैलगाडीतून यायच्या. पुढे शेतकऱ्याची पोरं गाडीत बूफर लावू लागली. बापाची कॉइल जाळायची पद्धत आणि मुलाची कॉइल जाळायची पद्धत यांत भाऊंना फारसा फरक वाटत नाही. बाप निदान पाण्यासाठी जाळायचा, एवढंच ते म्हणतात.

गिऱ्हाईक येतं ते साधारण असं. लग्नसराईतली सकाळ, डोळे तारवटलेला तरुण, त्याच्या कडेवर पोर घ्यावं तसा बारा इंची बूफर. मागे दोन मित्र. मित्र कशाला येतात ते मला अजून समजलेलं नाही, पण बंद पडलेल्या बूफरबरोबर दोन मित्र येतातच.

"भाऊ, काल मस्त वाजत होता. एकदम आवाज कमी झाला. कंपनीच खराब हाय."

"असंन. लावून पाहू."

मीटर लावण्याआधी भाऊ एक गोष्ट करतात, जी कोणाच्या लक्षात येत नाही. बूफर उलटा करण्याच्या निमित्ताने ते वाकतात आणि मॅग्नेटच्या मागच्या भोकाजवळ नाक नेतात. जळलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. निकाल तिथेच लागलेला असतो. पण नाकाचा निकाल पुसदात कोण मानतो? "तुम्हाले सर्दी झाली असंन" म्हणायला दोन्ही मित्र तयारच असतात. म्हणून नाकाने कळलेलं भाऊ मीटरकडून वदवून घेतात. चाळीस वर्षांच्या माणसाचा शब्द जो पोरगा मोडीत काढतो, तोच पोरगा चीनहून आलेल्या स्वस्त डबीचा आकडा मुकाट्याने ऐकतो.

मग विधी सुरू होतो. अ‍ॅम्पची वायर काढायची. दोन कॉइल जोडणारे तारेचे तुकडेही काढायचे. हे भाऊंच्या लेखी सोवळं आहे. बूफर दोन कॉइलचा असला आणि जोड तसाच ठेवून मीटर लावला तर आकडा दोघांचा मिळून येतो, आणि त्यात कोण जिवंत, कोण मेला ते झाकून जातं. पलीकडच्या चौकातला नवशिका नेमका हाच जोड न काढता "ठीक हाय" सांगून मोकळा होतो. त्याचं नाव निघालं की भाऊ फक्त खाकरतात.

चकरी २०० ओहमवर. आता लाल आणि काळी पिन एकमेकींना टेकवायची. कशालाच न लावता. पडद्यावर शून्य यायला हवं, येतं ०.४. हा मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा. तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. दुसऱ्याला मोजण्याआधी स्वतःला वजा करणारा इसम अख्ख्या तालुक्यात हा एकच असावा.

पहिली कॉइल: ३.९. वजा ०.४, राहिले ३.५. भाऊ मान डोलवतात.

"पण भाऊ, खोक्यावर तर ४ लिहिलं हाय. अर्धा कुठं गेला?"

हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. भाऊंचं उत्तर वऱ्हाडात कोणालाही पटावं असं: "स्थळ येते तेव्हा पोराले शेती किती सांगतेत? चार एकर. सातबारा काढला का निघते साडेतीन. याच्यात फसवणूक नसते बावा, रीत असते." खोक्यावरचे चार ओहम गाणं वाजत असतानाच्या, म्हणजे सारख्या उलटसुलट होणाऱ्या करंटच्या हिशोबाचे असतात. मीटर मोजतो तो बॅटरीच्या सरळ करंटवरचा नुसत्या तांब्याच्या तारेचा विरोध. चारवाल्याचे सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास आले की कॉइल ठणठणीत समजायची. शून्याला चिकटले तर शॉर्ट.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत असते. गाडीच्या डिक्कीतून काढलेला बूफर भाऊ लगेच मोजत नाहीत. त्याला दुकानाच्या मागच्या कडुलिंबाखाली ठेवतात. गिऱ्हाइकाला लाकडी बाक, बूफरला सावली. लोक हसतात. पण तांबं तापलं की दर अंशाला त्याचा विरोध शेकडा ०.३९ ने वाढतो. जानेवारीच्या सकाळी १५ अंशाला साडेतीन दाखवणारी तीच कॉइल मे महिन्यात ४५ अंशाला ३.९ दाखवते. जोरात वाजत असताना कॉइल दीडशे-दोनशे अंशांपर्यंत जाऊ शकते, तेव्हाचं तर विचारू नका. "गरम डोक्याचं माप घेत नसतेत," असं म्हणून भाऊ चहा सांगतात. चहाचे पैसे मित्र देतात. मित्रांचा हा एक उपयोग म्हणता येईल.

दुसऱ्या कॉइलला पिन लावण्याआधी भाऊ थोडे थांबतात. हे थांबणं नाटकी असतं असा माझा संशय आहे. मग पिना टेकतात, पडदा पोरासमोर धरतात आणि स्वतः दुसरीकडे पाहतात. कॉइल ओपन. तार आत कुठेतरी तुटलेली. पिना घट्ट दाबून पुन्हा एकदा. मग एक पिन कॉइलला आणि एक लोखंडी सांगाड्याला, म्हणजे कॉइल जळून अंगाला तर चिकटली नाही ना ते समजतं. मग दोन्ही तळव्यांनी कोन हळूच, सारखा दाबायचा. आत खर्र वाजलं तर कॉइलचा आकार बिघडलेला. ते दुखणं मीटर सांगत नाही, हे भाऊ प्रामाणिकपणे कबूल करतात.

आता खरा प्रश्न: जळाली कशी? इथे मीटरभाऊंमधला कारागीर बाजूला होतो आणि आतला मुत्सद्दी पुढे येतो. "तू जाळली" असं ते कधीच म्हणत नाहीत. ते फक्त विचारतात.

"गेन कितीवर होता?"

"थोडासाच."

"वरात कुठून कुठं होती?"

"हायच की, जवळच."

"नवरदेवाचा मामा गाडीत होता काय?"

इथे पोरगा मित्रांकडे पाहतो. मित्र जमिनीकडे पाहतात. मामाच होता. मामाने गेनची चकरी आवाजाची चकरी समजून शेवटपर्यंत पिळली. अ‍ॅम्पची ताकद संपली, लाटांची टोकं छाटली गेली, आणि कॉइलला दम घ्यायलाही उसंत न देता सपाट करंट जात राहिला. तार ज्या गोंदाने बसवलेली तो सुटला, एका कॉइलची तार तुटली. पण दोन्ही कॉइल पॅरलल जोडलेल्या, त्यामुळे दुसरी एकटी वाजत राहिली. आवाज कमी झाला म्हणून मामाने डेकही वाढवला. राहिलेली जीव मुठीत धरून सकाळपर्यंत कशी टिकली, याचं भाऊंना मनापासून कौतुक वाटतं. मेलेल्यावर ते सहसा बोलत नाहीत, जिवंत राहिलेल्या कॉइलवर बोलतात. पोराला नेमकं तेच लागतं.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथेच. जॉर्ज ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. त्याने १८२७ मध्ये आपला नियम छापला, तेव्हा त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे दिवस फिरले. करंट, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळी यंत्रं वाहून वैतागलेल्या डोनाल्ड मॅकेडी नावाच्या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या इंजिनिअरने तिन्ही एकाच डबीत कोंबली. ती १९२३ मध्ये बाजारात आली. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा मूळ पुरुष मांडला: चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी कोन. या सगळ्यांनी मिळून मोजायचं कसं ते सांगितलं. मोजून झाल्यावर समोरच्याला त्याचा अपमान न करता सांगायचं कसं, हे त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते मीटरभाऊंनी वायंडिंगच्या दुकानात शेतकऱ्यांची तोंडं पाहून शिकून घेतलं.

कपाटातल्या सुईवाल्या मीटरचा भाऊंना अभिमान आहे. त्याच्या आतही चुंबकात फिरणारी कॉइलच असते. त्याच्या पिना स्पीकरला टेकल्या की कोन 'टक्' करतो, कारण तो मीटर पिवळ्यापेक्षा जास्त करंट सोडतो. भाऊ म्हणतात, "हे भाऊ-भाऊ हायेत, वळखतेत एकमेकाले." पेन्सिल सेलची कसोटीही ते करून दाखवतात. प्लसला प्लस लावला की कोन धप्पकन बाहेर येतो, उलटा लावला की आत जातो. शाळेतून परतणारी पोरं त्यासाठी दुकानासमोर रेंगाळतात.

घरी मात्र मीटरभाऊंचं फार चालत नाही. घड्याळाचा सेल, रिमोट, मिक्सरची वायर, इन्व्हर्टर, सगळ्यांना पिना लागून झालेल्या आहेत. पाहुण्यारावळ्यांचंही वर्गीकरण ठरलेलं आहे. पटकन भडकणारा साडू शॉर्ट. किती सांगितलं तरी आत काही न पोचणारा पुतण्या ओपन. फक्त निवडणुकीआधी फोन उचलणारे एक स्थानिक पुढारी लूज कनेक्शन. वहिनींना कुठे बसवायचं, हे विचारायची माझी हिंमत नाही, आणि भाऊंची सांगायची नाही.

निवडणुकीत सगळ्या पक्षांचे भोंगे त्यांच्याच बाकावर शेजारी-शेजारी पडलेले असतात. युनिट सगळ्यांची उडतात. कोणाची जास्त उडतात, यावरून निकालाचा अंदाज काढायचा चौकातल्या लोकांनी बराच प्रयत्न केला. भाऊंनी एक अक्षर बोलून दाखवलं नाही. आवाजाच्या नियमांबद्दल छेडलं तर मात्र बोलतात. २००० सालचे नियम त्यांना पाठ आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल. "मी ओहम मोजतो. डेसिबल मोजाले सरकारनं माणसं ठेवली." आणि हा माणूस स्वतः घरी काय ऐकतो? छोट्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी यवतमाळ, तेही शेजाऱ्याला ऐकू येणार नाही एवढ्या आवाजात.

परवा त्या पोराचा बाप आला. धोतर, टोपी, हातात पोराने घरी लपवून ठेवलेला बूफर. बापाला पोरावर विश्वास नव्हता, मीटरवर नव्हता, आणि मीटरभाऊंवर तर अजिबात नव्हता. भाऊंनी काही न बोलता पिना त्यांच्या हातात दिल्या. "काका, तुम्हीच लावा."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. शेतकऱ्याचा हात, पिना मात्र बरोबर टेकवल्या. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात १ उमटला. बाकी सगळं कोरं.

"एक दाखवून रायला ना हा! म्हंजे एक ओहम हाय. थोडासा तरी जिवंत हाय. मग पैसे कायचे?"

"काका, तो एक नोहे. मोजता नाही आलं का हा मीटर एक दाखवते. तार तुटेल हाय, तिचा विरोध अनंत झाला."

काकांनी पिना खाली ठेवल्या. बूफरकडे पाहिलं, बाहेर गाडीत तोंड लपवून बसलेल्या पोराकडे पाहिलं, मग कोपरीच्या खिशात हात घातला.

"बरं. या अनंताचे किती होतीन?"