जाण्याची तारीख छापा

‘स्वदेस’ हा आपल्या जिल्ह्याचा सिनेमा आहे, असं मी म्हटलं की लोक हटकून विचारतात, शूटिंग तर वाईजवळच्या मेणवलीत झालं, मग नंदुरबारचा कसा? तर असा. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर लहानसा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. त्यामागे नर्मदा बचाव आंदोलनाची माणसं होती, केरळहून आलेले अभियंते होते, अमेरिकेतून परतलेलं रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे जोडपं होतं आणि गावाचं श्रमदान होतं. गावाने स्वतःच्या पाण्यावर स्वतःचे दिवे लावले. पुढच्याच वर्षी, १७ डिसेंबर २००४ ला, ‘स्वदेस’ आला. आशुतोष गोवारीकरांच्या या सिनेमाला त्या जोडप्याच्या कामातून प्रेरणा मिळाली, हे तेव्हापासून अनेकदा छापून आलं आहे.

बिलगावचा प्रकल्प २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. त्यानंतर जन्मलेली पोरं आता कॉलेजच्या वयाची झाली. गावाने पाण्यातून वीज काढली म्हणजे काय केलं, हे त्यांना बघायचं तर तो सिनेमाच हाताशी आहे. समजा, त्यातल्या एखाद्याला येत्या दिवाळीत, तेव्हा दगड वाहिलेल्या आपल्या आजोबांना शेजारी बसवून तो बघायचा आहे. दिवाळीत तो कुठल्या ॲपवर असेल, असेल की नसेल, याची हमी त्याला कोण देतं? कोणीच नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरले असले तरी नाही.

यातली व्यवस्था समजून घ्या. ॲपवर दिसणारे बहुतेक सिनेमे ॲपच्या मालकीचे नसतात. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून ठराविक मुदतीसाठी दाखवण्याचे हक्क घेतलेले असतात. मुदत संपली, नव्या भावावर सौदा जमला नाही, की सिनेमा उतरतो. त्यात कंपन्याच एकमेकींच्या पोटात जातात. ‘स्वदेस’चं वितरण यूटीव्हीने केलं होतं. यूटीव्ही २०१२ साली डिस्नेकडे गेली. डिस्नेचा भारतातला कारभार नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या वायकॉम१८ बरोबर एक झाला. वीस वर्षांत दुकानाची पाटी इतक्यांदा बदलली, की आतला माल कुठल्या फळीवर गेला हे गिऱ्हाइकाने विचारायचं तरी कोणाला?

मालिकांचंही तेच. कलर्स मराठीच्या मालिका आधी वूटवर होत्या. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात गेलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. तीच मालिका, तीच आजी, तोच भाग राहिलेला, आणि ॲप मात्र तिसरं. दर वेळी नवा ओटीपी, नवा पासवर्ड, आणि नातू सुरतेहून सुटीला येईपर्यंत आजीचा टीव्ही बंद. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला हॉटस्टारवरून उतरल्या, तेव्हा वर्षाचे पैसे भरलेल्यांची वर्षं अजून चालूच होती. गिऱ्हाईक म्हणतं, मी याच्यासाठीच पैसे भरले होते. कंपनी अटी-शर्तींकडे बोट दाखवते, आणि त्या अटी-शर्तींत ‘आम्ही कधीही काहीही काढू शकतो’ हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच. हा एकतर्फी करार आहे आणि त्याला एकतर्फी म्हणण्यात मला काही संकोच वाटत नाही.

कोणी सांगेल, डाउनलोड करून ठेवा. त्यांनी एकदा धडगावकडे जाऊन बघावं. माझ्या ओळखीतला एक तरुण शिक्षक आहे. शाळा नर्मदेच्या काठच्या एका पाड्यावर. शनिवारी तो शहाद्याला उतरतो, किराणा घेतो, आणि एसटी सुटेपर्यंत स्टँडवर उभं राहून मुलीसाठी एक सिनेमा फोनमध्ये उतरवून घेतो. रविवारी संध्याकाळी पाड्यावर पोचला की मुलगी मांडीवर, फोन ताटलीला टेकवलेला. अर्धा सिनेमा होतो, मुलगी झोपते. पुढचा अर्धा दोन-तीन दिवसांनी लावायला जातो तर पडद्यावर सूचना: मुदत संपली, नूतनीकरणासाठी इंटरनेटशी जोडा. रेंज मिळते ती टेकाडावर, आणि तीही मेसेज जाण्यापुरती. फाईल फोनमध्ये आहे, तिने जागाही अडवलेली आहे, पैसेही भरलेले आहेत, आणि सिनेमा उघडत नाही. काही ॲपांत एकदा बघायला सुरुवात केली की अठ्ठेचाळीस तासांत डाउनलोड निकामी होतं. ज्याने हा अठ्ठेचाळीस तासांचा नियम केला, त्याच्या डोळ्यांसमोर चोवीस तास वायफाय असलेलं घर होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारं, फडावर पाल ठोकून राहणारं कुटुंब त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. आपल्या जिल्ह्यातून अशी कुटुंबं दर वर्षी जातात. रिचार्ज त्यांनीही पुण्या-मुंबईच्याच दराने मारलेला असतो.

मग माणूस मोबाइलच्या दुकानात जातो आणि मेमरी कार्ड भरून आणतो. नंदुरबारच्या एका दुकानदाराला मी विचारलं, लोक आता ॲप असताना तुझ्याकडे कशाला येतात? तो म्हणाला, “भाऊ, तठे काल व्हतं, आज नही शे. मनाकडे रोज शे.” त्याच्याकडचा माल चोरीचा आहे. चोरी ती चोरीच, त्यात सिनेमा बनवणाऱ्याच्या घामाचा पैसा बुडतो, आणि २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आहे. ती योग्यच आहे. पण चोराकडचा माल टिकतो आणि सावकाराकडचा रातोरात गायब होतो, अशी बाजारपेठ ज्यांनी तयार केली, त्यांना कायद्यात एक ओळसुद्धा नाही. हे मला मुळीच मान्य नाही.

तेव्हा पहिली मागणी. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापावी लागते, तशी प्रत्येक सिनेमाच्या चौकटीवर तो कधी उतरणार याची तारीख छापा. शेवटच्या महिन्यात कुठेतरी कोपऱ्यात ‘लवकरच जाणार’ लिहून भागणार नाही. काही ॲप तेवढं करतात, त्यांना तेवढ्यापुरते गुण द्या. पण हक्काचा करार सही होतो त्या दिवशीच शेवटची तारीख कंपनीला ठाऊक असते. जे कंपनीला ठाऊक आहे ते पैसे भरणाऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे. मुदत वाढली तर तारीख बदला, कोणी तक्रार करणार नाही.

हे जमण्यासारखं नाही, असं सांगू नका. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक ॲपला प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट लिहायला लावला. सात वर्षांवरचे, तेरावरचे, सोळावरचे, प्रौढ. तेव्हाही अवघड आहे म्हणून गळे काढले गेले, आणि आता कुठलाही सिनेमा लावा, डाव्या कोपऱ्यात वयोगट येतोच. एक आकडा लिहिता आला, दुसराही येईल. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला: डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं बटण लावायचं असेल, तर गिऱ्हाइकाला मालकी मिळत नाही, फक्त परवाना मिळतो, हे आधी स्पष्ट सांगा. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. ‘हजारो सिनेमे’ अशी जाहिरात करायची आणि त्यातले कुठले वर्षभर राहणार ते लपवायचं, याला दिशाभूल नाही तर काय म्हणायचं?

स्वतः बनवलेलं तरी ॲपवर कायम राहतं, हा समजही सोडून द्या. डिस्नेने ‘विलो’ नावाची मालिका स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ॲपसाठी बनवली. तिचा शेवटचा भाग जानेवारी २०२३ मध्ये आला आणि मे महिन्यात अख्खी मालिका काढून टाकली. हक्क संपले होते का? नाही. खर्च कमी दाखवायचा होता. एवढ्या मोठ्या कंपनीने स्वतःच्या मालाचं हे केलं. मग मराठी सिनेमाची त्यांना काय पर्वा? बघणारे कमी, जाहिरात कमी, तगादा लावणारं कोणी नाही. कात्री आधी तिथेच लागणार.

आणि इथून माझा राग ॲपवाल्यांवरून आपल्या सरकारवर वळतो.

मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख. ते दिलंच पाहिजे, मी त्याच्या बाजूने आहे. पण तो पैसा कुठून येतो? नवापूरच्या दुकानातल्या साबणावरच्या करातूनही येतो. मग ज्या सिनेमात नवापूरकराचा पैसा आहे तो सिनेमा नवापूरकराला, हवा तेव्हा, बघता का येऊ नये? दोन-तीन वर्षं निर्मात्याने आपला धंदा करावा. थिएटरला लावावा, ॲपला विकावा, टीव्हीला द्यावा. त्यानंतर एक प्रत सार्वजनिक ठिकाणी, फुकट किंवा नाममात्र पैशात, कायमची. अनुदानाच्या अर्जात हे एक कलम घालायचं आहे.

पुस्तकांसाठी हे आपण सत्तर वर्षांपूर्वीच केलं. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना द्यावीच लागते. खेड्यातल्या लेखकाने पदरमोड करून छापलेला कवितासंग्रहही त्यातून सुटत नाही. सिनेमासाठी असा सक्तीचा कायदा नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या लोकांनी जिवापाड मेहनत करून रिळं जपली आहेत. पण जपणं वेगळं आणि धडगावात दिसणं वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ नावाचं ॲप सुरू केलं. म्हणजे जागाही आहे, सरकारी आहे, जनतेच्या पैशाची आहे. तिथे अनुदानित मराठी सिनेमांची एक फळी लावायला काय हरकत आहे? भारतात सिनेमाचा स्वामित्व हक्क साठ वर्षांनी संपतो. १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९५३ चा ‘श्यामची आई’ हे केव्हाच मोकळे झाले. चांगल्या प्रती काढा, मराठी अक्षरं खाली चालवा, आणि प्रत्येक आश्रमशाळेला पेन ड्राइव्हवर द्या, कारण तिथे इंटरनेटचा भरवसा नाही. तुकाराम बघायला कोणाच्या परवान्याचं नूतनीकरण लागत नाही.

भिली बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या एक कोटी चार लाख आहे. जगातल्या कित्येक देशांची लोकसंख्या एवढी नाही. मोठ्या ॲपच्या भाषांच्या यादीत मी भिली शोधली, पावरी शोधली, अहिराणी शोधली. सापडली नाही. आमच्या पोरांनी रोडाली आणि टिमलीची गाणी यूट्यूबवर स्वतः चढवली, स्वतः पोचवली, कोणाच्या अनुदानाविना. ती तिथे किती दिवस राहतील हेही परदेशातल्या एका कंपनीच्या मर्जीवर आहे. त्यांची एक नीट प्रत राज्याकडे असावी, एवढंही कोणाला सुचू नये याचं वाईट वाटतं.

यंत्रणा पोचत नाही, ही सबब निदान या जिल्ह्यात चालणार नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो दिल्लीत नाही, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. बोटांचे ठसे हवे होते तेव्हा संगणक, जनरेटर, पंतप्रधान, सगळे टेंभलीपर्यंत आले. सिनेमाची फाईल त्यापेक्षा हलकी असते.

अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. जिल्ह्याचे चार आमदार आहेत. चौघांपैकी एकाने तरी पुढच्या अधिवेशनात सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना लेखी प्रश्न टाकावा: गेल्या वीस वर्षांत ज्या ज्या मराठी चित्रपटांना राज्याने अनुदान दिलं त्यांची यादी पटलावर ठेवा, आणि प्रत्येक नावापुढे लिहा की तो आज सामान्य माणसाला कुठे, किती रुपयांत आणि किती तारखेपर्यंत बघता येतो. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्यासाठी काय करणार तेही त्याच उत्तरात द्या.