वेड्यांची बाजू

मूर्खपणाची बाजू घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, म्हणून ती आज मी घेतो आहे आणि मनापासून घेतो आहे. जळगाव-धुळ्याकडे हिशेबाला पक्की माणसे पुष्कळ. कापूस आज विकायचा की घरात ठेवायचा, केळीचा मृगबाग लावायचा की कांदेबाग, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. अशा माणसासमोर वीतभर पिंगळ्याच्या मागे सातपुडा तुडवणाऱ्याचे नाव काढले, की 'येडा शे का तो?' हा प्रश्न ठरलेला. त्याला उत्तर एकच आहे. हो, आहे. तो तसा आहे म्हणूनच रानपिंगळा आज आपल्याला माहीत आहे.

या पक्ष्याचा पहिला नमुना 1872 साली ब्लेविट नावाच्या इंग्रजाने आजच्या छत्तीसगडात मिळवला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले. त्यानंतर खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याकडच्या जंगलात, आणखी काही रानपिंगळे टिपले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात पक्षी जमा झाले. 1884 नंतर खात्रीची एकही नोंद नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोधूनही पक्षी सापडला नाही. शहाण्या माणसाने इथे वही मिटली असती. बहुतेकांनी मिटलीच.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ती मिटू दिली नाही. 1914 साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मिळाल्याची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याची. रासमुसेन यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली घातला. पक्षी उसवून पुन्हा शिवलेला निघाला. आत जुन्या कच्च्या कापसाचे तंतू राहून गेले होते आणि ते डेव्हिडसनने भरलेल्या पक्ष्यांतल्या कापसाशी जुळले. म्हणजे लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरायचा, त्याला नवी चिठ्ठी बांधायची आणि शोध आपल्या नावावर लावायचा, असा तो प्रकार होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलत्याच जंगलात शोधत राहिले. खोटी नोंद बाद झाल्यावर जुन्या खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह रासमुसेन शहाद्याजवळच्या जंगलात उभ्या होत्या आणि 113 वर्षे न दिसलेला पक्षी भर उन्हात उघड्या फांदीवर बसलेला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

हे वेड पुढे फराह इश्तियाक यांनी उचलले. असद रहमानी यांच्यासोबत त्यांनी तोरणमाळच्या सागवानी जंगलात या पक्ष्याचा अभ्यास केला. रानपिंगळा दिवसा वावरतो, शेंड्याकडच्या निष्पर्ण फांदीवर बसून शेपटी झटकतो, सरडे नि उंदीर धरतो आणि जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मोठ्या पक्ष्याने स्वतःचेच पिल्लू खाल्ल्याची नोंदही त्यांनी केली. असल्या पक्ष्याचे जंगलात बसून टिपण काढायचे, हे काम हिशेबात कुठे बसवणार? तरी ते झाले, आणि पुढे यावल, मेळघाट, अगदी तानशापर्यंत नव्या जागा सापडत गेल्या. 2018 साली हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' यादीत आला.

याच फराह इश्तियाक यांनी आणखी तीन सहकाऱ्यांसोबत 2011 साली माळढोकाच्या जनुकांवर निबंध लिहिला. देशातल्या पाच राज्यांतले नमुने तपासले आणि त्यांत जनुकीय वैविध्य अगदी थोडे आढळले. म्हणजे राजस्थानचा माळढोक आणि सोलापूरचा माळढोक एकमेकांपासून शेकडो मैल लांब राहूनही रक्ताने फार जवळचे निघाले. आपल्याकडे याच पक्ष्यासाठी 1979 साली नान्नजला अभयारण्य झाले, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे. पुढे ते 1,222 वर आणले गेले. कागद मोठा होता तेव्हाही पक्षी कमीच होत गेला आणि आता तो महाराष्ट्रातून गेल्यात जमा आहे.

मग 2019 मध्ये जैसलमेरजवळ सम येथे दुसरे वेड सुरू झाले. माळावरून अंडी उचलायची, यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने वाढवायची. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून उचललेले एकेक अंडे जिवापाड जपायचे. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून तिथे पहिले पिल्लू जन्मले. नराला माणसाने शिकवायचे, रेत दुसऱ्या केंद्रावर न्यायचे, आणि एवढे करून एक पिल्लू! शहाणे म्हणतात, रक्तातल्या रक्तात वाढवलेला असा वंश टिकणार नाही, मग पैसा कशाला घालवता?

त्यांचे पहिले अर्धे बरोबर आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला तर ते समजावून सांगायलाच नको. जी-नाईनची ऊतिसंवर्धित रोपे सगळी एकाच अंगाची, म्हणून घड एकसारखे येतात आणि विषाणू शिरला तर बागेत वेगळे टिकणारे एकही झाड नसते. पक्ष्यांत याहून वाईट होते. प्रत्येक जिवात काही घातक जनुके मुकाट बसलेली असतात, कारण त्यांची जोडी नसते. जवळच्या नात्यातले नर-मादी एकत्र आले, की आईकडून एक आणि बापाकडून तेच दुसरे, अशी जोडी जुळते. अंडी वांझ निघतात, पिल्ले अधू होतात. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डोर गिधाडाचे तेच झाले. 1987 साली रानातला शेवटचा पक्षी पकडला तेव्हा जगात 27 उरले होते आणि आजचे सगळे 14 मूळ पक्ष्यांचे वंशज आहेत. त्यांच्यात हाडे खुजी राहून पिल्लू अंड्यातच मरण्याचा दोष निघाला. तो दोष वाहणारे सगळे पक्षी बाजूला काढणे सोपे होते. पण तसे केले असते तर त्यांच्याबरोबर इतर चांगली जनुकेही गेली असती. म्हणून वंशावळीच्या वहीत प्रत्येक पक्ष्याचे नाते लिहिले, दोष असण्याची शक्यता असलेल्या दोघांची सोयरीक टाळली आणि सगळ्यांना नांदू दिले. आज कॉन्डोरांची संख्या 500 च्या वर आहे.

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा काळा रॉबिन तर पाचावर आला होता, 1980 मध्ये. त्यांत अंडी घालून वंश वाढवणारी मादी एकच, 'ओल्ड ब्लू' म्हणून ती ओळखली जाते. डॉन मर्टन आणि त्यांचे सहकारी तिची पहिली अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यात ठेवत, म्हणजे ती पुन्हा अंडी घाली. आज आहेत ते सगळे काळे रॉबिन तिचे वंशज. या कामात एक गोष्ट घडली, ती प्रत्येक पक्षिप्रेमीने जवळून पाहावी अशी आहे. काही माद्या अंडी घरट्याच्या मधोमध न घालता काठावर घालू लागल्या. काठावरची अंडी उबत नाहीत. एकेक अंडे मोलाचे, म्हणून माणसांनी ती हळूच आत ढकलली. ती उबली, आणि त्यांतल्या माद्यांनी काठावर अंडी घालण्याची खोड पुढे नेली. 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालत होत्या. चूक ध्यानात आल्यावर ढकलणे थांबवले आणि खोड हळूहळू कमी झाली. प्रेमाने केलेली मदत वंशाला दुबळे करते, हे त्या वेड्यांना काम करता करताच कळले. काम न करणाऱ्याला ते कधीच कळले नसते.

म्हणून शहाण्यांचे दुसरे अर्धे मला मान्य नाही. वंश टिकेल याची खात्री नाही हे खरे. पण अंडी उचलणाऱ्यांनी माळ संपवलेले नाहीत. पक्षी हजारांत होते तेव्हा माळावर नांगर फिरला, पुढे विजेच्या तारा ओढल्या गेल्या, आणि प्रत्येक निर्णय अगदी शहाणपणाने, फायद्याचा हिशेब मांडून घेतला गेला. आता शंभर-दीडशे पक्षी उरल्यावर जो कोणी यंत्रापाशी रात्र काढतो, त्याला मी नावे ठेवणार नाही.

रानपिंगळ्याची वेळ अजून त्या यंत्रापर्यंत आलेली नाही, आणि खान्देशने हे भाग्य ओळखायला हवे. जगात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. ते तोरणमाळ, यावल, मेळघाट, पलीकडे मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूर असे तुकड्या-तुकड्यांनी राहतात. मधले जंगल अतिक्रमणात आणि कुऱ्हाडीखाली गेले, की प्रत्येक तुकडी आपल्यातच जोड्या लावू लागेल. पिंजरा नसला तरी पिंजऱ्यासारखेच होईल. यावल अभयारण्य 1969 पासून आहे आणि तिथल्या अतिक्रमणाच्या बातम्या जळगावकरांना पाठ आहेत.

करण्यासारखी वेडी कामे पुष्कळ आहेत. ढोलीची जुनी झाडे वाळली तरी तोडू द्यायची नाहीत. अनेरपासून पालपर्यंतचा झाडोरा सलग राहील एवढे पाहायचे. गळलेली पिसे गोळा करून यावलच्या आणि तोरणमाळच्या पिंगळ्यांचे नाते किती जवळचे झाले आहे, ते आत्ताच तपासून घ्यायचे. घुबडाच्या नखांचा आणि अंड्यांचा उपयोग करणी-तोडग्यासाठी करणाऱ्यांशी गावात बसून बोलायचे. जळगावच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी यातले एकेक काम उचलावे. घरचे विचारतील, याने नोकरी लागते का. लागत नाही.