शेजाऱ्याच्या डावाचा विमा

लास वेगासच्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर, बनातीवर कमानीसारखी एक ओळ छापलेली असते: विमा, एकास दोन. डीलरचं उघडं पान एक्का निघालं की तो हात आखडता घेतो आणि ‘इन्शुरन्स?’ असं सगळ्यांना विचारतो. झाकलेलं पान दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा असेल, म्हणजे दहाच्या किमतीचं असेल, तर डीलरचा ब्लॅकजॅक होतो आणि बहुतेकांच्या पैजा बुडतात. म्हणून खेळाडूला आपल्या पैजेच्या निम्म्यापर्यंत रक्कम त्या ओळीवर ठेवता येते. झाकलेलं पान दहाचं निघालं तर तिच्यावर दुप्पट मिळतं, नाहीतर ती जाते.

नाव विम्याचं असलं तरी ही एका झाकल्या पानावर लावलेली स्वतंत्र पैज आहे, हातातल्या डावाशी तिचा काही संबंध नाही. नुकसान न होण्यासाठी दर तीन पानांत एक दहाचं हवं. नव्या कॅटात एक्का दिसल्यावर उरलेल्या 51 पानांत 17 हवीत, असतात 16. तेवढ्या एका पानावर कॅसिनोच्या झुंबराचं तेल निघतं. सहा कॅटांत 311 पैकी 96, म्हणजे शंभर डॉलरच्या विम्यामागे सरासरी सात डॉलरांहून जास्त तोटा.

पण पानं वाटली जातात तसं हे प्रमाण हलतं. 1962 साली एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ‘बीट द डीलर’ पुस्तकात ते जगाला सांगितलं. मेंढीकोट खेळत मोठ्या झालेल्या मराठी पर्यटकाला यात नवल वाटू नये. चार दश्श्या कुणी उचलल्या आणि कुठल्या अजून बाहेर यायच्यात, हे ध्यानात ठेवणं त्याच्या उन्हाळी सुटीचं शिक्षणच असतं. इथे मेंढ्या 96 आहेत आणि आजी ओरडत नाही, एवढाच फरक. प्रचलित हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्कीला अधिक एक, दहाच्या पानांना आणि एक्क्याला उणे एक धरतात. बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागून तीन किंवा जास्त आले की विमा फायद्याचा ठरतो.

इथे अडचण उभी राहते. मोजणाऱ्याला स्वतःच्या पैजेच्या निम्म्यावर जाता येत नाही. समजा, उरलेल्या 90 पानांत 33 दहाची आहेत. आता विम्याच्या प्रत्येक डॉलरमागे दहा सेंट नफा आहे आणि दुकान बंद! शेजाऱ्यांच्या ओळी मात्र रिकाम्या असतात. तेव्हा तो वळून विचारतो, ‘तुम्ही घेत नसाल तर तुमचा विमा मी भरू?’ आयुर्विम्याच्या एजंटाला पाहून जिथे घराचे दिवे मालवले जातात, त्या मुलखातून आलेला माणूस परक्याचा हप्ता भरण्यासाठी अजिजी करतो, हे दृश्य पाहण्यासारखं असतं.

होकार मिळतो तोही कुठे? लोक वीस आलेल्या डावाचा विमा आनंदाने उतरवतात आणि सोळाचा उतरवत नाहीत; मोडक्या सायकलीला कुलूप कोण लावतो! हिशेब उलटा आहे. एकाच नव्या कॅटाने खेळताना आपल्या हातात दोन राजे असतील तर उरलेल्या 49 पानांत दहाची 14; हातात नव्वी आणि सत्ती असेल तर 16. म्हणजे चांगल्या डावाचाच विमा जास्त महाग पडतो.

आता शेजाऱ्याची पैज 40 डॉलरची आहे आणि मोजणाऱ्याने त्याच्या ओळीवर स्वतःच्या 20 डॉलरच्या चिप्स ठेवल्या आहेत. झाकलेलं पान उलटतं: राणी. डीलर 20 वर आणखी 40 ठेवतो आणि शेजाऱ्याचे मूळ 40 ओढून घेतो. शेजाऱ्यासमोर आता 60 डॉलर आहेत. ते त्याच्या जागेवर आहेत आणि त्याच्या हातात कॅसिनोने फुकट दिलेला तिसरा पेला आहे. मघाशी कुणीतरी काहीतरी विचारल्याचं त्याला पुसटसं आठवतं. म्हणून पैसे कुणाचे, हे पान उलटण्याआधीच डीलरच्या कानावर घालावं. आणि एवढ्या भानगडीनंतर या विम्यातली सरासरी कमाई किती, तर दोन डॉलर. पेला आणणाऱ्या बाईला टिप देण्यात त्यातला निम्मा जातो.

खऱ्या विम्यात असं चालत नाही. परक्यांच्या आयुष्यावर विमे उतरवून लोक पैजा लावू लागले, तेव्हा ब्रिटिश संसदेने 1774 मध्ये कायदा करून ते थांबवलं: ज्याच्या जगण्यात तुमचा स्वार्थ नाही त्याचा विमा तुम्हाला उतरवता येत नाही. ब्लॅकजॅकच्या टेबलावर मोजणाऱ्याचा स्वार्थ फक्त डीलरच्या झाकल्या पानात असतो. शेजारी जगला काय, बुडाला काय.

टेबलावरच्यांना हा मनुष्य दानशूर वाटतो. छतावरच्या कॅमेऱ्यामागे बसलेल्याला तसं वाटत नाही, कारण अनोळख्याच्या सोळावर पैसे लावण्याचं दुसरं कारण त्याच्या माहितीत नसतं. नेवाडात डोक्याने पानं मोजणं गुन्हा नाही. 1985 पासून बंदी आहे ती त्यासाठी यंत्र वापरण्यावर. तरीही कॅसिनो खेळायला नकार देऊ शकतो. एक सुटाबुटातला गृहस्थ येऊन सांगतो, बाकी कोणताही खेळ खेळा, ब्लॅकजॅक तेवढा नको. न्यू जर्सीत तसं करता येत नाही. पानं मोजणाऱ्या केन उस्टनच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये मोजणाऱ्यांना मज्जाव करण्याचा कॅसिनोंचा अधिकार नाकारला. त्यामुळे तिथल्या अटलांटिक सिटीत मोजणाऱ्याला कुणी उठवत नाही. त्याने चिप्स पुढे सरकवल्या की डीलर फक्त पानं गोळा करतो आणि पिसायला घेतो.