देवाणघेवाण, समुद्रसपाटीपासून उंच

अमेरिकी कॉलेजांची पोरं ‘सांस्कृतिक देवाणघेवाणी’साठी नेपाळच्या खुंबू भागात शेर्पांकडे जातात. खुमजुंगसारखं गाव ३,७०० मीटरच्याही वर, त्यामुळे सुरुवातीला देवाणघेवाण होते ती डोकेदुखीच्या गोळ्यांची. मग शाळेची भिंत रंगवायची. (एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींनी १९६१ साली तिथे अख्खी शाळा उभारली, यांच्या वाट्याला भिंतच उरली.) यजमानीण रिकिकुर, म्हणजे बटाट्याचं धिरडं, वाढते, वर लोण्याचा गोळा. फोटो निघेपर्यंत लोणी वितळून ताटभर. वर शेरा: ‘किती साधी माणसं!’ साध्या बाईला शेर्पा, नेपाळी आणि कामापुरती इंग्रजी येते. पाहुण्यांना बहुधा एकच भाषा. शेर्पांना भेटायची एवढी ओढ असेल, तर न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी विमान सोडून मेट्रोनं क्वीन्सला जावं. तिथे शेर्पांची मोठी वस्ती आहे.