ती हरवली

माद्रिदला निघण्यापूर्वी मी सहा महिने स्पॅनिश शिकलो. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे थेट 'मला कॉफी आवडते'. वाटलं, ही भाषा आपल्याच आळीतली!

मग सर्वनामं निघाली. 'सू' म्हणजे त्याचं, तिचं, त्यांचं आणि शिवाय तुमचंही. मालक कोण ते तुम्ही ओळखा. हॉटेलवाल्याने 'सू मालेता' म्हणताच तिघांनी एकाच बॅगेला हात घातला. 'ले' म्हणजे त्याला, 'लो' म्हणजे तो किंवा ते. पण शेजारी आले की 'ले'ने 'से' व्हायचं. बरोबरच आहे. नाहीतर अख्खा स्पेन 'ले लो, ले लो' करत हातगाडी ढकलतोय असं वाटलं असतं.

प्लासा मायोरजवळ जेवून बाहेर पडलो, तर पाऊस. छत्री आतच राहिलेली. बायकोला कमानीखाली उभं करून परत गेलो. छत्रीचा स्पॅनिश शब्द काही केल्या आठवेना. पण सर्वनाम कशासाठी असतं? छत्री ती, म्हणून 'ला'. वेटरला म्हणालो, "ला ए पेर्दीदो." ती हरवली.

त्याने ट्रे खाली ठेवला. "दिसायला कशी?"

"जुनी. बारीक. मधे जराशी वाकलेली."

"फार दिवसांची?"

"मे ला दियो मी सुएग्रो." मला ती सासऱ्यांनी दिली. मला, ती, माझ्या : तिन्ही जागच्या जागी! मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

वेटरने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूच विचारलं, "सू मुखेर?"

"छे! बायको बाहेर उभी आहे."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बायको बाहेर, आणि ही दुसरीसुद्धा सासऱ्यांनीच दिलेली! शेवटी मी हवेत छत्री उघडून दाखवली.

"आ, एल पारागुआस!"

एल! म्हणजे स्पेनमध्ये छत्री 'तो' आहे. मी पंधरा मिनिटं भलत्याच बाईचा शोध घेत होतो.

तेवढ्यात भिजलेली बायको आत आली. वेटरने कोपऱ्यातून छत्री आणून माझ्यासमोर धरली आणि तिला विचारलं, "एस सुयो?" हा तुमचा का?

बायकोही माझ्याच क्लासला होती. छत्री असती तर 'सुया' म्हणाला असता, हे तिने लगेच ताडलं. छत्रीपलीकडे उभ्या माझ्याकडे तिने नखशिखान्त पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"सी," ती म्हणाली. "मे लो दियो मी पाद्रे." मला हा बाबांनी दिला.