कचरा आलाय!

बालाघाटात गाडी बंद पडली की तिचा रोग गाडीवाल्याच्या आधी धक्का मारणाऱ्यांना कळलेला असतो. काली पुतली चौकात माझी पद्मिनी नुसती खोकली, तरी पानठेल्यावरून आवाज येतो, "कार्बोरेटर में कचरा आ गया, भाऊजी!" बॅटरी बसलेली असो, पट्टा तुटलेला असो, निदान एकच. एकदा तर मी गाडी चांगली बाजूला लावून संत्री घेत होतो. तेवढ्यात मागून एक सद्गृहस्थ आले आणि कळवळून म्हणाले, "कचरा?"

गाडी 1982 ची. मूळ कुळी इटलीची, फियाट 1100. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला घडवली आणि पुढे तिला थेट चितोडच्या राणीचं नाव दिलं. इंजिन 1089 सीसी, घोडे चाळीसच्या आसपास, आणि या सगळ्या घोड्यांच्या चारापाण्याची व्यवस्था एकट्या सोलेक्स कार्बोरेटरकडे. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल फवाऱ्यासारखं वर येतं. यामागचं तत्त्व डॅनिएल बर्नुलीने 1738 मध्येच पुस्तकात छापलं होतं. म्हणजे तेव्हा पेशवाईत बाजीराव घोड्यावर होते आणि पेट्रोलचा अजून पत्ता नव्हता. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखायला एक फ्लोट असतो, तो हुबेहूब संडासाच्या फ्लश टाकीतला. राणीचं नाव मिरवणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे मोठ्याने बोलू नये, पण आहे ते असं आहे.

आता कचरा खरोखरच आला का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. एअर फिल्टर काढायचा, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावायचं आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढायची. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर पेट्रोल पोचतंय. मग निदान तेवढ्यापुरता तरी दुसरीकडे संशय घ्यावा. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ओव्हरफ्लो. त्यासाठी फ्लोट काढून कानाशी हलवायचा. आत डुबुक वाजलं तर फ्लोटलाच भोक. हे मी चौकात करत असताना लोकांना वाटतं, की मी गाडीशी फोनवर बोलतोय.

पण दोन मिनिटं धीर कोणाला? गर्दीतला एक जण तोवर स्कूटरच्या क्लच वायरची तार काढून पुढे आलेला असतो. जेटमध्ये तार घालणं हे पाप आहे. जेट पितळेचा, तार पोलादाची. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत. 120 लिहिलं असेल तर 1.20 मिलिमीटर. उत्साही माणसाने तार दोनदा फिरवली की 120 चा 125 होतो आणि गाडी पेट्रोल प्यायची ती ढोसायला लागते. जेट फुंकावा, टोचू नये. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे, की आमच्या गल्लीत मला मागून 'फुंकर मास्तर' म्हणतात.

शेजारच्या काकाजींची अ‍ॅम्बेसेडर. तिला एसयू कार्बोरेटर. त्यात पिस्टन वरखाली होतो, त्याला लावलेली सुई जेटची वाट कमीजास्त करते आणि वरच्या नळीत थोडं तेल घालावं लागतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक व्याधीवर काकाजींचा उपाय एकच, "तेल टाका." माझ्या सोलेक्सला तेल घालायची जागाच नाही, हे ते मानत नाहीत. "जागा नाही म्हणूनच तर बंद पडते," म्हणतात. यावर काय बोलणार?

मे महिन्यात बैहरच्या घाटात मात्र या शास्त्राची वेगळी शाखा सुरू होते. इंजिनाच्या कुशीला चिकटलेला पेट्रोल पंप इतका तापतो, की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. गाडी उभी. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं आणि सागाच्या सावलीत अर्धा तास. एका लग्नाला जाताना फडकं नव्हतं म्हणून नवरदेवासाठी आणलेला टॉवेल कामी आला. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली आणि मागच्या जीपमधले मामाजी म्हणाले, "पाहा, कचरा निघून गेला."

गंमत अशी, की इतकी वर्षं खोटं ठरलेलं हे निदान आता खरं व्हायला लागलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून बनतं, मक्यापासून बनतं, तांदळापासूनही बनतं. आमचा जिल्हा धानाचा, इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे गाडीही भातावर आली याचं कोणाला नवल वाटलं नाही. मोहाच्या मुलुखात गाडीने थोडी घेतली, याचं तर मुळीच नाही. पण म्हाताऱ्या गाडीला ती सोसत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, टाकी गंजते, जुन्या रबरी नळ्या फुगून त्यांचे कण सुटतात. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. इथेनॉल मिसळल्यावर कमी पुरते. जुना जेट मात्र जुन्याच हिशेबाने वाढतो, म्हणून चढावर गाडी उपाशी माणसासारखी धापा टाकते. नळ्या नव्या घालाव्या, मुख्य जेट एखादा नंबर मोठा घ्यावा. तारेने नव्हे, विकत.

विकत, पण कुठून? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. 2020 नंतरच्या मोटरसायकलींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. गावातला एक तरुण मेकॅनिक स्कॅनर घेऊन आला होता. तो कुठे जोडायचा हे त्याने डॅशबोर्डखाली वाकून शोध शोध शोधलं आणि शेवटी मलाच विचारलं, "अंकल, इसमें कंप्यूटर किधर है?" मी माझ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे बोट दाखवलं.

हा मिस्त्री खैरलांजीकडचा. मागच्या पावसाळ्यात गाडी धक्के खाऊ लागली, तेव्हा अख्ख्या चौकाने कचऱ्यावर शिक्कामोर्तब केलं. या वेळी तर त्यांच्या बाजूने इथेनॉलही होतं. मिस्त्रीने कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली आणि करपलेले पॉइंट दाखवले.

"कार्बोरेटरले काहून बदनाम करता जी? कंडेन्सर गेला."

अंगठ्याएवढी ती डबी बदलली, पॉइंट घासून त्यात व्हिजिटिंग कार्ड सरकवून फट जुळवली आणि गाडी एका हाकेत सुरू झाली. मग त्याने बिल लिहिलं. त्यावर लिहिलं होतं: कार्बोरेटर सफाई.

"अहो, पण तुम्ही तर त्याला हातही लावला नाही."

"कंडेन्सर लिवलं तं गिऱ्हाईक म्हणते, एवढुशा डबीचे एवढे पैसे कायचे? कार्बोरेटर लिवलं का गुपचूप देते."

मी गुपचूप दिले.